३८एमएनव्हीएस६ बार : पोलाद उत्तम, पण निम्मे काम आपल्या शेडमध्ये

भोसरीतील आमच्या फोर्जिंग शेडमध्ये कनेक्टिंग रॉडसाठी गेली दोन वर्षे आम्ही ३८एमएनव्हीएस६ या मायक्रोअलॉय (म्हणजे व्हॅनेडियमसारखा धातू अत्यल्प प्रमाणात मिसळलेल्या) पोलादाच्या प्रतीचा ५० मिलिमीटर व्यासाचा बार वापरत आहोत. त्यापूर्वी हेच रॉड ईएन १९ या क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादात होत असत. फोर्जिंगनंतर ते पुन्हा भट्टीत तापवायचे, तेलात बुडवायचे, टेंपरिंग करायचे (ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा मध्यम तापवायचे) आणि तेलात वाकलेले नग प्रेसवर एकेक करून सरळ करायचे, असा तो द्राविडी प्राणायाम होता. नव्या बारमुळे ही सारी कामे गेली, कारण हे पोलाद फोर्जिंगच्याच उष्णतेतून थंड होताना आपली ताकद मिळवते. हवेत नीट थंड केल्यास ८०० ते ९५० मेगापास्कल तन्य सामर्थ्य आणि किमान ५२० मेगापास्कल यील्ड (ज्या ताणाला पोलाद कायमचे वाकू लागते तो) हे प्रमाणित आकडे आम्हाला नियमित मिळाले.

ही ताकद येते ०.०८ ते ०.२० टक्के एवढ्याशा व्हॅनेडियममधून. इंडक्शन हीटरमध्ये बिलेट १२०० अंशांच्या आसपास पोचते तेव्हा व्हॅनेडियम ऑस्टेनाइटमध्ये, म्हणजे तापलेल्या पोलादाच्या स्फटिकरचनेत, पूर्ण विरघळलेले असते. पुढे तापमान उतरून फेराइट, म्हणजे थंड होतानाची नवी रचना, तयार होऊ लागले, की त्यात व्हॅनेडियमला राहायला जागा फारच कमी उरते. त्यामुळे ऑस्टेनाइट-फेराइटची सीमा जसजशी पुढे सरकते, तसतसे व्हॅनेडियम कार्बन आणि नायट्रोजनला धरून बारीक कणांच्या रूपाने, ओळीमागून ओळ, बाहेर पडत जाते. हे अवक्षेप जेमतेम पाच-दहा नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी लहान असतात. पोलाद वाकते किंवा ताणले जाते ते त्याच्या स्फटिकांतील डिस्लोकेशन, म्हणजे अणूंच्या रांगांतील दोष, सरकल्यामुळे. ज्वारीच्या धसकटांतून दोर ओढावा आणि तो पावलापावलाला अडकावा, तशी या कणांमध्ये डिस्लोकेशनची गत होते. धसकटे दाट असतील तर दोर हलत नाही, विरळ असतील तर सुखाने निघून जातो. तेवढेच व्हॅनेडियम मोजक्या जाड कणांत गोळा झाले, तर रासायनिक विश्लेषणात आकडा तोच दिसतो आणि रॉड मात्र मऊ निघतो.

हे आम्ही पुस्तकातून नव्हे, ट्रॉलीतून शिकलो. सुरुवातीला ट्रिमिंग प्रेसवरून निघालेले लालबुंद रॉड जुन्या सवयीने लोखंडी ट्रॉलीत ढिगाने टाकले जात. पहिल्याच तपासणीत ट्रॉलीच्या कडेचे नग २५५ बीएचएन (ब्रिनेल कठिणता) आणि मधल्या ढिगातले २१५ निघाले; बार एकच, हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या पोलादाच्या घाण्याचा क्रमांक) एकच. ढिगाच्या पोटात उष्णता कोंडून राहते, ८०० ते ५०० अंशांचा टप्पा अतिशय सावकाश पार पडतो आणि कण वाढून जाड होतात. त्यानंतर आम्ही जाळीचा कन्व्हेअर बसवला, रॉड एकमेकांना न टेकता ठेवू लागलो, वरून पंखे लावले, आणि फरक दहा बीएचएनच्या आत आला. पंख्यांचा उत्साहही आवरावा लागतो : वारा फार झाला तर बेनाइट ही वेगळीच रचना तयार होऊन यील्ड उलट खाली येते.

तक्रार एकच, पण ती गंभीर आहे. गेल्या पावसाळ्यात एका पुरवठादाराकडून आलेली एक हीट, कन्व्हेअरवर सर्व काही यथास्थित असूनही, सरसकट मऊ निघाली. टेस्ट सर्टिफिकेटवर व्हॅनेडियम ०.१० टक्के स्पष्ट छापलेले होते. नायट्रोजनचा रकाना मात्र नव्हताच. बाहेरच्या लॅबमध्ये तपासल्यावर तो ०.००६ टक्के निघाला, तर या प्रतीला ०.०१० ते ०.०२० हवा. व्हॅनेडियम नायट्राइड हे कार्बाइडपेक्षा कितीतरी कमी विरघळते, म्हणून नायट्रोजन पुरेसा असला की कण संख्येने जास्त आणि बारीक पडतात. तो नसला तर महागाचे व्हॅनेडियम आत असून नसल्यासारखे. पुरवठादाराने माल परत घेतला, परंतु ‘नायट्रोजन कोणी विचारत नाही’ हे त्यांचे उत्तर माझ्या पचनी पडले नाही.

मशीनिंगबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे : मुद्दाम ठेवलेल्या गंधकामुळे चिप तुटून पडते आणि टूल अधिक टिकते. धक्का सोसण्याची क्षमता मात्र तेलात कडक केलेल्या ईएन १९ पेक्षा कमी आहे, त्यामुळे ज्या भागाला ग्राहकाने चार्पीचा (धक्का-चाचणीचा) मोठा आकडा लावला आहे, तिथे मी हा बार घेणार नाही. कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्टसाठी, थंड करण्याची व्यवस्था हाताशी असेल तर, अवश्य घ्यावा. आमच्या चालू खरेदी आदेशात नायट्रोजनची मर्यादा आता व्हॅनेडियमच्या ओळीखालीच छापलेली असते, आणि तो आकडा नसलेले सर्टिफिकेट आले तर गाडी गेटवरच थांबते.