निअर-इन्फ्रारेड यंत्र की चमकणारी खूण?

युरोपातल्या रिसायकलिंग केंद्रात पट्ट्यावरून दुधाची बाटली येते, मागोमाग फरशी पुसायच्या द्रावणाची. दोन्ही एचडीपीई या एकाच जातीच्या प्लास्टिकच्या. सध्या सर्रास वापरलं जाणारं निअर-इन्फ्रारेड यंत्र डोळ्यांना न दिसणारे किरण टाकून प्लास्टिकची जात ओळखतं, पण आत काय भरलं होतं ते त्याला कळत नाही; खाद्यपदार्थांची वेष्टनं वेगळी काढायची तर तेच कळायला हवं. कार्बन ब्लॅक घातलेला काळा ट्रे तर त्याच्या नजरेतून निसटतोच, कारण किरण तिथेच शोषले जातात.

दुसरा मार्ग खुणेचा. खाद्यपदार्थांच्या लेबलच्या शाईत यिटर्बियम-एर्बियम हे धातू असलेली जराशी पूड मिसळायची. 980 नॅनोमीटरचा अदृश्य लेसर पडला की ती हिरवी चमकते. लेबल धुऊन निघालं की खूणही जाते. मात्र सगळ्या उत्पादकांनी एकच संकेत मानायला हवा, आणि घोडं तिथेच अडतं. तरी खाद्यपदार्थांच्या वेष्टनांसाठी माझा कौल खुणेलाच. जात ओळखायला जुनं यंत्र राहू द्यावं.