कॉमिक कॉन की फक्त कॉन? गोव्यातून निघण्याआधी करायची निवड

रेल्वेचं आरक्षण, एका रात्रीचं लॉज, कॉनचं (कन्व्हेन्शनचं, म्हणजे चाहत्यांच्या मेळाव्याचं) तिकीट आणि वर खरेदीसाठी वेगळे काढलेले पैसे. गोव्यात राहणाऱ्या कॉमिकवाल्याला वर्षातून असा खर्च एकदा, फार तर दोनदा परवडतो. तेवढं करून आत गेल्यावर गेमिंगचे पडदे, टी-शर्टांचे स्टॉल आणि फोटोच्या रांगाच दिसल्या तर वाईट वाटणारच. नावात ‘कॉमिक’ आहे म्हणून आत कॉमिक असेलच असं नाही. कुठली कॉन अजून कॉमिक आणि ती करणाऱ्या माणसांसाठी भरते, हे घरबसल्या बरंचसं ओळखता येतं.

नकाशा आणि यादी

बहुतेक कॉन काही दिवस आधी हॉलचा नकाशा जाहीर करतात. तो मोबाइलवर मोठा करून बघा. कलाकारांची टेबलं दारातून आत आल्यावर समोर आहेत की मागच्या भिंतीला, खाण्याच्या स्टॉलशेजारी? जागेवरूनच आयोजकांच्या मनात कोणाला किती मान आहे ते कळतं. मग चौकोन मोजा: कॉमिक छापणारे आणि काढणारे किती, बाकीचे किती. पहिला आकडा निम्म्याच्या खाली असेल तर ती कॉन कॉमिकची नव्हे, तिथे कॉमिकही मिळतं एवढंच.

इथे एक फसगत होते. ‘आर्टिस्ट ॲली’, म्हणजे कलाकारांच्या टेबलांचा भाग, मोठी दिसली की आपण खूश होतो, पण तिथले बरेच जण कॉमिक करत नाहीत. दुसऱ्याच्या गाजलेल्या पात्रांचे प्रिंट, स्टिकर आणि किचेन विकतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण मूळ टेबलाच्या भाड्यात आहे. स्टिकर दहा सेकंदांत विकला जातो. कॉमिक विकायचं तर गिऱ्हाइकाने थांबून चार पानं चाळावी लागतात. भाडं वाढलं की टेबलावर जागा स्टिकरला मिळते आणि कॉमिक मागे सरकतं. म्हणून यादीतली कुठलीही दहा नावं उचला आणि त्यांची इन्स्टाग्राम पानं बघा. सहा जणांकडे स्वतःचं, शेवटपर्यंत पुरं केलेलं पुस्तक असेल तर बिनधास्त जा. दोघातिघांकडेच असेल तर पुन्हा विचार करा.

पाहुण्यांच्या यादीतही खूण सापडते. नट आणि यूट्यूबर वर, मोठ्या अक्षरांत आणि लेखक-चित्रकार खाली ‘इतर’मध्ये असतील तर समजून जा. याउलट इंकर (शाई करणारे), कलरिस्ट (रंग भरणारे), लेटरर (संवाद लिहिणारे) यांची नावं त्यांच्या कामासकट छापलेली दिसली तर ती यादी कॉमिक वाचणाऱ्या माणसाने केलेली आहे. कार्यक्रमपत्रिकेत पानाची मांडणी, छपाई, हक्क आणि मानधन यांवर सत्रं आहेत का, नवख्यांच्या कामाचे नमुने (पोर्टफोलिओ) कोणी संपादक बघणार आहे का, हेही तपासा.

जुनं आणि मोठं नाव ही हमी धरू नका. सॅन डिएगोची कॉन १९७० साली कॉमिकवेड्यांनी सुरू केली. आज तिची बातमी होते ती सुमारे साडेसहा हजार खुर्च्यांच्या ‘हॉल एच’मध्ये सिनेमांच्या झलका दाखवतात म्हणून. फ्रान्सचा आंगुलेम महोत्सव १९७४ पासून कॉमिकचाच राहिला, पण आयोजकांच्या कारभारावर नाराज होऊन लेखक-चित्रकारांनीच बहिष्कार टाकल्यावर २०२६ चा महोत्सव रद्द करावा लागला.

मुंबई–बंगळूरची कॉमिक कॉन आणि इंडी कॉमिक्स फेस्ट

गोव्यातून प्रत्यक्षात निवड असते ती या दोघांतच.

कॉमिक कॉन इंडिया फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाटमध्ये सुरू झाली आणि मग शहराशहरांत पसरली. जानेवारी २०२४ मध्ये ती नॉडविन गेमिंगने घेतली, त्यामुळे हॉलमध्ये गेमिंगचं वजन असणारच. कॉस्प्ले (पात्रांसारखा वेश करणं), खेळणी, मंचावरचे कार्यक्रम आणि गर्दी यांची तयारी ठेवूनच जावं. तरी कॉमिकवाल्याने तिच्यावर काट मारू नये. यालि ड्रीम क्रिएशन्स, होली काऊ, बकरमॅक्स यांच्यासारखे भारतीय प्रकाशक आणि अभिजित किणींसारखे स्वतःची पुस्तकं घेऊन बसणारे चित्रकार वाचकांपर्यंत पोचले ते बरेचसे याच कॉनमधून. एका हॉलमध्ये इतक्या भारतीय प्रकाशकांची पुस्तकं दुसरीकडे क्वचितच मिळतात.

तिथे जायचं तर वेळेचं गणित नीट बसवा. शनिवारी दार उघडताच आत जा आणि कुठेही न थांबता कलाकारांच्या भागात पोचा. पहिले दोन तास सोन्याचे. चित्रकार मोकळे असतात, बोलतात, चाळायला देतात. दुपारनंतर वाटा तुंबतात आणि टेबलासमोर उभं राहणंही जमत नाही. चित्र काढून घ्यायचं असेल तर सकाळीच सांगून ठेवा. एक चित्रकार दिवसात मोजकीच चित्रं करू शकतो आणि यादी दुपारच्या आत भरते. संध्याकाळी सांगितलं तर उत्तर येतं, ‘उद्या बघू’, आणि उद्या तुमची परतीची गाडी असते. दुसरी अडचण पैशांची. हजारो फोन एकाच छपराखाली आले की नेटवर्क बसतं आणि यूपीआय फिरत राहतं. शंभराच्या आणि पन्नासच्या नोटा खिशात ठेवा.

इंडी, म्हणजे स्वतःच छापणाऱ्या स्वतंत्र चित्रकारांच्या, कॉमिक्स फेस्टची जात वेगळी. ‘कॉमिक्स इंडिया’ हा कॉमिकसंग्रह काढणारे भरत मूर्ती आणि त्यांच्याबरोबरच्या चित्रकारांनी उभा केलेला हा छोटा मेळा मुंबई, बंगळूर अशा शहरांत भरतो. टेबलामागे बसलेल्या माणसानेच ते कॉमिक लिहिलेलं, काढलेलं आणि बहुधा स्टेपलही केलेलं असतं. पडदे नाहीत, मंचावरचा गोंगाट नाही. तीन तासांत सगळी टेबलं दोनदा बघून होतात. एवढ्यासाठी गोव्याहून जायचं का, असं विचाराल तर वाचकाने जावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण इथे मिळणारी पातळ, हाताने बांधलेली पुस्तकं बऱ्याचदा दुकानात किंवा ऑनलाइन येतच नाहीत. पन्नास-शंभर प्रती छापल्या, संपल्या, विषय मिटला.

बारा वर्षांचं मूल बरोबर असेल तर मात्र कॉमिक कॉन घ्या. छोट्या मेळ्यातलं बरंचसं काम मोठ्यांसाठीचं असतं आणि मूल अर्ध्या तासात कंटाळतं. स्वतः चित्र काढणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींनी आधी इंडी फेस्टला जावं. पुस्तक एकट्याने कसं पुरं करतात ते तिथे हातात घेऊन बघता येतं, कागद कुठला आणि छापलं कुठे हे विचारता येतं, आणि समोरचा माणूस मोकळेपणाने सांगतो.

प्रवासाचा फरकही धरा. मुंबईसाठी रात्रीची कोकणकन्या सोयीची: शुक्रवारी मडगाव, करमळी किंवा थिवीला बसायचं, शनिवारी सकाळी मुंबई, रविवारी रात्री परत. दोन्ही रात्री गाडीत गेल्यामुळे लॉज एकच रात्र लागतं. पण रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि कोकण रेल्वेवर शनिवार-रविवारच्या जागा लवकर संपतात. मोठ्या कॉनची तारीख बऱ्यापैकी आधी कळते. छोट्या मेळ्यांची उशिरा कळली तर रात्रीची बस धरावी लागते. मुंबई कॉमिक कॉनही कधी डिसेंबरात झाली आहे, कधी एप्रिलात. मागच्या वर्षीच्या महिन्यावर विसंबून रजा टाकू नका. डिसेंबरच्या उत्तरार्धात परतीचं तिकीट आधी बघा, जाण्याचं नंतर. त्या दिवसांत अख्खी मुंबई गोव्याकडे निघालेली असते.

पणजीतच थांबायचं ठरवलं तर

डिसेंबरमधला सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल आणि दोनापावलच्या इंटरनॅशनल सेंटरशी जोडलेला गोवा आर्ट अँड लिटररी फेस्टिव्हल, दोन्ही कॉन नव्हेत. खरेदीला तिथे फारसं काही नाही. पण चित्रकथेवर एखादं सत्र किंवा कार्यशाळा असली तर चित्रकाराशी निवांत बोलणं होतं ते इथेच. कार्यक्रमपत्रिका आली की आधी चित्रकथेचं नाव शोधा; दोन सत्रं सापडली तरी दिवस सार्थकी लागतो, आणि खर्च पणजीला जाण्यायेण्याचा.

ही भूमी चित्रकथेला परकी नाही. गोवा विद्यापीठात मारियो मिरांडांच्या नावाचं अध्यासन आहे. त्यावर आलेल्या चित्रकथाकार ओरिजित सेन यांनी विद्यार्थ्यांना घेऊन म्हापशाचा बाजार चित्रांत उतरवण्याचा प्रकल्प केला. चित्रकथाकार अमृता पाटील आल्तिनोच्या गोवा कला महाविद्यालयात शिकल्या. अशा घरच्या माणसांचं सत्र पत्रिकेत दिसलं तर मुंबईचं तिकीट काढण्याआधी ते ऐका.

परदेशात नातेवाईक असतील तर

निव्वळ कॉनसाठी परदेशी जा असं कोणाला सांगणार नाही. पण गोव्यातल्या पुष्कळ घरांतलं कोणी ना कोणी स्विंडनला, लिस्बनला किंवा आखातात असतं. भेटीला जायचंच आहे तर तारखा जुळवून घ्याव्यात.

इंग्लंडात थॉट बबल. २००७ मध्ये लीड्समध्ये सुरू झाली, २०१९ पासून हॅरोगेटला, नोव्हेंबरात. कॉमिकवर टिकून राहिलेल्या कॉनचं आजचं हे सर्वांत चांगलं उदाहरण आहे असं आम्हांला वाटतं: मोठे हॉल आणि त्यांत जवळजवळ सगळीकडे कॉमिक करणारी माणसं. भारतीय पासपोर्टवर भेटीच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांहून आधी करता येत नाही, म्हणजे नोव्हेंबरसाठी ऑगस्टपासून. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्यांनाही २ एप्रिल २०२५ पासून ईटीए (ब्रिटनमध्ये शिरायची ऑनलाइन परवानगी) काढावं लागतं, हे पुष्कळ जण विसरतात.

पोर्तुगालमध्ये लिस्बनला लागून असलेल्या आमादोराचा महोत्सव १९९० पासून ऑक्टोबरच्या सुमारास भरतो. तो विकण्यापेक्षा दाखवण्यावर जास्त भर देतो. चित्रकारांच्या हातची मूळ पानं भिंतीवर लागतात, त्यांवरच्या पेन्सिलच्या रेघा आणि पांढऱ्या शाईच्या दुरुस्त्या जवळून दिसतात. चित्रकार भेटायचे असतील तर शनिवार-रविवार गाठा. घरातल्या ज्या वडीलधाऱ्यांना पोर्तुगीज येतं त्यांना बरोबर घेतलंत तर त्यांचाही दिवस छान जाईल. आखातातली मिडल ईस्ट फिल्म अँड कॉमिक कॉन मात्र आधी फिल्म, मग कॉमिक. तेवढ्यासाठी तिकीट बदलू नका.

अमेरिकेत कोणी असेल तर मेरिलँडची स्मॉल प्रेस एक्स्पो (१९९४ पासून, सप्टेंबरच्या सुमारास) सॅन डिएगोच्या कितीतरी आधी धरावी. तिथले इग्नाट्झ पुरस्कार आलेल्या लोकांच्या मतांवर ठरतात. जपानमध्ये कॉमिकेट हा स्वतः छापलेल्या कॉमिकचा मेळा अफाट, पण बरंचसं काम दुसऱ्यांच्या पात्रांवरचं. स्वतःच्याच गोष्टी हव्यात तर टोकियोची कोमितिया: तिचा नियमच तो आहे.

टेबल घेणाऱ्यांसाठी

छोट्या मेळ्यापासून सुरुवात करा. ए५ आकाराचं, मध्ये स्टेपल मारलेलं २८ पानांचं पुस्तक सोपं पडतं. पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा, नाहीतर शेवटी कोरी पानं येतात. पानं वाढली की आतली पानं बाहेर सरकतात आणि कडा छाटताना मजकूर कापला जातो; म्हणून बाहेरच्या कडेला निदान १० मिलिमीटर जागा सोडा. हिशोब असा बघा: समजा प्रतीमागे छपाई ७० रुपये, किंमत २००, हाती १३०. टेबल, प्रवास आणि राहणं मिळून ९,१०० झाले तर ७० प्रती विकल्यावर खर्च भरून निघतो. एका दिवसाच्या छोट्या मेळ्यात एकाच पुस्तकाच्या ७० प्रती जाणं कठीण, म्हणून दोघांनी टेबल वाटून घ्यावं किंवा दोन-तीन वेगळी पुस्तकं घेऊन जावीत. मोठ्या कॉनचं भाडं यात टाकून बघितलंत की तिथे स्टिकर का दिसतात ते कळेल.

आणलेलं काम घरी टिकवणं

अमेरिकी पद्धतीचं मूळ पान ११ × १७ इंचांच्या ब्रिस्टल बोर्डवर (जाड, ताठ चित्रकागदावर) असतं. आपण ए३ फोल्डर घेऊन जातो आणि तिथेच चुकतं. ए३ ची लांबी ४२ सेंटीमीटर, १७ इंच म्हणजे ४३.२. पान सव्वा सेंटीमीटर बाहेर राहतं आणि गाडीत कोपरा मुडपतो. ए२ फोल्डर विमानाच्या केबिन बॅगेत मावत नाही. सोपा उपाय: ३० × ४५ सेंटीमीटरचे दोन ताठ पुठ्ठे कापून घ्या, पान गुळगुळीत बटर पेपरमध्ये गुंडाळून मधोमध ठेवा, चारही बाजूंनी कागदी चिकटपट्टी लावा. हे ५५ × ३५ च्या बॅगेत आरामात बसतं. जाड बोर्ड नळीत गुंडाळू नका. वाकवला की त्यावरचा पांढरा रंग आणि दाट शाई तडकते.

घरी आल्यावर शत्रू एकच, आपला पाऊस. जून ते सप्टेंबर हवेतल्या ओलीने स्टेपल गंजतात आणि गंजाचा डाग मधल्या पानांत उतरतो. पुस्तकं पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे आम्लमुक्त पुठ्ठा घालून ठेवा. स्वस्त मऊ पीव्हीसी पिशव्या टाळा, त्या छपाईला चिकटतात. झाकणाच्या डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा आणि ते मेअखेर बदला. डबा बाहेरच्या भिंतीला लागून किंवा जमिनीवर ठेवू नका. आणि पावसाळ्याआधी, हवा कोरडी असेल तेव्हा, प्रत्येक पुस्तक एकदा उघडून स्टेपल तपासा.