पडदा जुळल्याचा फोटो माझ्या दुसऱ्याच कानाचा होता

माझा उजवा कान लहानपणापासून फुटायचा. सर्दी झाली की आधी पाणी, मग पिवळट पू, पंधरा दिवसांनी बंद. पडद्याला भोक आहे, ऑपरेशन लागेल, हे मला माहीत होतं. त्या ऑपरेशनच्याच भीतीने मी 'विनाऑपरेशन पडदा जुळवतो, शंभर टक्के' असं सांगणाऱ्या माणसाकडे गेलो.

त्याच्याकडे कानात घालायचा कॅमेरा होता. पहिल्या दिवशी त्याने स्क्रीनवर भोक दाखवलं, ते खरंच होतं. रोज तेलाचे थेंब घालायचे, आणि तीन महिन्यांचे पैसे आधीच द्यायचे. बाटलीवर साधी चिठ्ठीही नव्हती. दीड महिन्यात कान कोरडा पडला आणि माझा विश्वास बसला. असा कान मधूनमधून आपोआपच कोरडा पडतो, पू थांबला म्हणजे भोक बुजलं असं नसतं, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी त्याने अखंड, चकचकीत पडद्याचा फोटो हातात ठेवला. घरी सगळ्यांना मी तो दाखवला.

पुढच्याच सर्दीत कान पुन्हा फुटला. ऐकूही आधीपेक्षा कमी येऊ लागलं. कान-नाक-घसा तज्ज्ञ बाईंनी तो फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "हा तुमचा डावा कान आहे."

पडद्यावर उजेड पडला की खालच्या भागात एक चमकदार त्रिकोण दिसतो. तपासणाऱ्याला तो उजव्या कानात घड्याळातल्या पाचच्या जागी दिसतो, डाव्यात सातच्या. माझ्या फोटोत तो सातच्या जागी होता. 'दोन्ही कान बघून घेऊ' म्हणत त्याने डाव्यातही कॅमेरा घातला होता, ते मला तेव्हा आठवलं.

मार लागून नुकतं पडलेलं भोक बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप भरतं. जुन्या भोकाच्या कडेवर मात्र त्वचा चढलेली असते, तेलाने ती जुळत नाही. म्हणून सर्जन आधी कड ताजी करतात आणि कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण घेऊन पडद्याला आतून लावतात. हीच टिम्पॅनोप्लास्टी. शिवाय भोक असताना काही थेंब आतल्या कानाला कायमची इजा करू शकतात. मी नाव नसलेली बाटली तीन महिने ओतत होतो, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. पुवाला घाण वास येत असेल, चक्कर येत असेल किंवा चेहरा वाकडा होत असेल, तर एक दिवसही थांबू नका. कानात हाड पोखरत वाढणारी त्वचेची गाठ, म्हणजे कोलेस्टिआटोमा, असू शकते. सुदैवाने मला ती नव्हती.

बाईंनी ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी केली, कान कोरडा करून घेतला आणि आधीच स्पष्ट सांगितलं, "बहुतेकांचा पडदा जुळतो, काहींचा पुन्हा उघडतो." त्या एका वाक्यावर माझा विश्वास बसला.

ऑपरेशननंतर त्याने दिलेला आणि बाईंकडचा माझ्या उजव्या कानाचा, असे दोन्ही फोटो घेऊन मी त्या माणसाकडे गेलो. "तेव्हाचं मशीन वेगळं होतं," एवढंच तो म्हणाला. बाहेर एक आई मुलाच्या कानाला कापूस लावून बसली होती. मी तिच्याशेजारी बसलो आणि दोन्ही फोटो तिच्या हातात दिले.