दिवसभराचा शीण कशाने उतरेल: मालिका, क्रोशा की मेंढीकोट?

लातूर म्हणजे शिकवण्यांचं गाव. इथे मुलांसोबत आईबापांच्याही दिवसाचा तास न् तास बांधलेला असतो. अशा घरात संध्याकाळचा बिनकामाचा अर्धा तास हक्काने घ्यावा आणि त्याबद्दल कुणाला हिशेब देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. त्या अर्ध्या तासात काय करायचं, हे मात्र दिवसभरात काय शिणलंय त्यावर ठरवा.

पाहिलेली विनोदी मालिका पुन्हा लावणं सगळ्यांत सोपं. पुढे काय होणार ते ठाऊक असतं, त्यामुळे डोक्याला काही धरून ठेवावं लागत नाही. मध्येच उठलात तरी काही बुडत नाही. मोबाइलवर बघत असाल तर पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय आधी बंद करा. रील्स मी विश्रांतीत धरतच नाही. त्यांना शेवट नसतो आणि दर काही सेकंदांनी मन नव्या विषयावर ओढलं जातं. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्यांनी मालिकाही टाळलेली बरी. त्यांचे डोळेच थकलेले असतात.

त्यांच्यासाठी, आणि दिवसभर बोलून दमलेल्या शिक्षकांसाठी किंवा काउंटरवरच्या माणसांसाठी, क्रोशा, म्हणजे एकाच आकडीच्या सुईचं विणकाम. साखळी आणि खांब एवढे दोन टाके आले तरी रुमाल होतो. सुईवर एका वेळी बहुधा एकच टाका उघडा राहतो, म्हणून काम कुठेही थांबवता येतं. चुकलं तर धागा ओढायचा, उसवायचं, पुन्हा सुरू. दोन सुयांच्या विणकामात सुईवरून टाका निसटला की खालपर्यंत उसवत जातो, तशी धास्ती इथे नाही. मात्र एप्रिल-मेच्या उकाड्यात घामट हातांना लोकर नको होते, तेव्हा सुती दोराच घ्या. आणि पहिल्याच महिन्यात ‘मला एक तोरण करून दे’ म्हणणाऱ्यांना नाही म्हणा. मागणी आली की ते काम झालं.

दिवसभर एकटं राहून मन उदास होत असेल तर पत्त्यांच्या मेंढीकोटाला तोड नाही. चौघं, समोरासमोर भिडू, प्रत्येकी १३ पानं आणि चार दश्श्यांसाठी ओढाताण. कट हुकूम खेळा: एखाद्याकडे चालू रंगाचं पान संपलं की तो टाकेल त्या रंगाचा हुकूम. शिकायला सोपं, आणि १३ हात झाले की डाव संपतो. हा आपोआप येणारा शेवट मला फार मोलाचा वाटतो. अडचण एकच, चौघं जमायला हवीत. पैसे लावले किंवा चुकल्यावर भिडूवर खेकसणारा कुणी असला, तर विश्रांती संपलीच.

बागकाम? ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे उन्हाळ्यात कुंड्या म्हणजे विसावा कमी आणि काळजी जास्त. भाजी धुतलेल्या पाण्यात जगतील तेवढ्याच ठेवा.

घरात दोघंच असाल तर मेंढीकोट जमणार नाही. मग मालिका लावा आणि हातात क्रोशा घ्या. सरळ खांबांची पट्टी न बघता विणता येते. टाके मोजावे लागणारी फुलाची नक्षी मात्र तेव्हा घेऊ नका, नाहीतर मालिकाही नीट बघणं होणार नाही आणि रुमालही उसवावा लागेल.