व्हॅक लावायचंय: भिंतीचं सक्शन, भाड्याचं मशीन की खिशातला पंप?

राउंडला आलेले डॉक्टर 'व्हॅक लावू या' म्हणून पुढच्या खाटेकडे वळतात, आणि कोणतं लावायचं हा प्रश्न घरच्यांकडे उरतो. व्हॅक म्हणजे जखमेवरचं व्हॅक्यूम ड्रेसिंग. मधुमेहामुळे बाबांच्या पावलाचा पुढचा भाग काढावा लागला. त्या जखमेला गेल्या पावसाळ्यात आमच्या लालबागच्या दोन खोल्यांत सात आठवडे व्हॅक होतं. तीनपैकी दोन प्रकार आम्ही वापरले, तिसरा शेजारच्या काकूंच्या टाक्यांवर पाहिला.

तत्त्व एकच. साफ केलेल्या जखमेत स्पंज, वरून हवाबंद पारदर्शक फिल्म, नळी आणि उणा दाब. पाणी खेचलं जातं, सूज उतरते, कडा जवळ येतात, तळातून लाल मांस भरू लागतं. नेहमीचा दाब उणे १२५ मिलिमीटर पारा. अर्जेंटा आणि मोरिक्वास या अमेरिकन डॉक्टरांनी १९९७ साली मांडलेल्या पद्धतीपासून हाच आकडा चालत आलाय. बाबांसारख्याच जखमांच्या १६२ रुग्णांवरच्या २००५ सालच्या अभ्यासात १६ आठवड्यांत व्हॅकने ५६ टक्के जखमा भरल्या, साध्या ओल्या ड्रेसिंगने ३९. म्हणजे फायदा आहे, पण साध्या ड्रेसिंगनेही बऱ्याच भरतात, हे विसरू नका.

वॉर्डात स्पंज, फिल्म आणि राइल्स ट्यूब (एरवी नाकातून पोटात घालतात ती नळी) भिंतीच्या सक्शनला, म्हणजे खाटेमागच्या हवा खेचणाऱ्या लाइनला जोडतात. खर्च फारच कमी, आणि काम होतं. पण पेशंट खाटेला बांधला जातो, दाब कमीजास्त होतो, फिल्म सुटली तरी अलार्म वाजत नाही. पहिले काही दिवस, जखम खूप वाहते आणि सिस्टर हाकेच्या अंतरावर असतात, तेव्हा मी हेच घेईन.

घरी न्यायचं तर भाड्याचं मशीन. बॅटरी असते, पाणी साठवायला डबा असतो, गळती झाली किंवा नळी तुंबली की ते ओरडतं. रोजचं भाडं आणि प्रत्येक ड्रेसिंगचं किट यांचे पैसे बहुधा वेगवेगळे असतात, दोन्ही विचारा. ड्रेसिंग ४८ ते ७२ तासांनी बदलावं लागतं, त्यामुळे किटच भाड्यापेक्षा जड होऊ शकतं. आणि पावसाळ्यात घामाने पावलाजवळची फिल्म सुटते. आमच्याकडे रात्री दोनला अलार्म वाजायचा, मी टॉर्च धरून कडा दाबत बसायचे.

एक नियम पाठ करा: मशीन दोन तासांपेक्षा जास्त बंद राहिलं, तर स्पंज काढून साधं ड्रेसिंग करायचं. दाब बंद असताना स्पंज आत राहिला की जंतूंचं फावतं. हिंदमाताला पाणी भरलं त्या दिवशी मशीन बंद पडलं आणि ड्रेसिंगवाले ब्रदर येऊ शकले नाहीत. सिस्टरने फोनवर सांगितल्याप्रमाणे आईने सलाइनने भिजवून स्पंज काढला. तो दोन तुकड्यांत होता. फिल्मवर पेनाने 'स्पंज २' लिहिलेलं होतं म्हणूनच दुसरा शोधला. नाहीतर तो आतच राहिला असता. दर वेळी हा आकडा लिहायला सांगा.

खिशातला पंप, उदाहरणार्थ पिको, उणे ८० वर चालतो. त्याला डबा नसतो, पाणी ड्रेसिंगमधूनच उडून जातं. शिवलेल्या टाक्यांवर किंवा उथळ, कमी वाहणाऱ्या जखमेवर तो उत्तम. काकू तो पर्समध्ये घालून लोकलने ऑफिसला जायच्या. पण खोल, वाहत्या जखमेला केवळ सुटसुटीत म्हणून तो लावू नका, ड्रेसिंग लगेच भरून जाईल.

काळं मेलेलं मांस, जखमेत कॅन्सर, उघडी रक्तवाहिनी किंवा उपचार न झालेला हाडाचा संसर्ग असेल तर तिन्ही नकोत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. रक्तस्रावाने मृत्यू झाल्यामुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने २००९ आणि २०११ मध्ये इशारे दिले होते. नळीत लालभडक रक्त दिसलं तर मशीन बंद करा, ड्रेसिंग न काढता वरून दाबून धरा आणि थेट हॉस्पिटल गाठा. पायाची जखम असेल तर रक्तपुरवठ्याचा डॉप्लर, म्हणजे पायात रक्त नीट पोचतंय का हे पाहणारी सोनोग्राफीसारखी तपासणी, आधी करून घ्या. आमच्याकडे तो उशिरा झाला, त्याची हळहळ अजून आहे.

बाबांसारख्या जखमेला मी पुन्हा भाड्याचं मशीनच निवडेन. फक्त डिपॉझिट भरण्याआधी ड्रेसिंग करणाऱ्या माणसाचा नंबर घेईन, आणि गाड्या बंद असतील त्या दिवशी तो कुठून, कसा येणार हे त्यालाच विचारेन.