वकिलीतून कंपनीच्या विधी विभागाकडे : पुण्यातील एका सल्लासेवेबद्दल

जिल्हा न्यायालयात काही वर्षे दिवाणी बाजूचे काम केल्यावर कंपनीच्या विधी विभागात जाण्याचा विचार करणाऱ्या वकिलापुढे बायोडाटाच्या आधी सनदेचा, म्हणजे वकिली करण्याच्या परवान्याचा, प्रश्न उभा राहतो. केवळ वकिलांसाठी काम करणाऱ्या पुण्यातील एका छोट्या सल्लासेवेने माझ्या पहिल्याच बैठकीत हाच प्रश्न काढला. त्याआधी मी एका सर्वसाधारण नोकरी-सल्लागाराकडे गेले होते. तेथे सनद म्हणजे पदवीसारखेच आणखी एक प्रमाणपत्र, अशी समजूत होती.

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियम ४९ प्रमाणे वकिली चालू असताना वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरल्यास तसे राज्य परिषदेला, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेला, कळवून ती नोकरी असेपर्यंत वकिली थांबवावी लागते. या सेवेतील सल्लागार बाई स्वतः पूर्वी वकिली केलेल्या आहेत. सनद स्थगित कशी ठेवायची, अर्जासोबत मूळ सनद का द्यावी लागते आणि पुढे वकिलीत परतायचे ठरल्यास काय करावे लागते, हे त्यांनी नीट समजावून सांगितले. त्यांचा पुढचा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटला : न्यायाधीश होण्याची इच्छा मनात आहे का? जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीसाठी संविधानाच्या कलम २३३(२) नुसार किमान सात वर्षांची वकिली लागते आणि २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशपदासाठीही तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आहे. त्यामुळे ज्याच्या मनात ही वाट आहे, त्याने नोकरीसाठी वकिली केव्हा थांबवावी, हा निव्वळ पगाराचा हिशेब राहत नाही. असा विचार उमेदवाराच्या वतीने कोणी करतो, हेच दुर्मीळ आहे.

सनद न थांबवता करता येण्याजोग्या कामांची माहितीही येथे मिळाली. विधी महाविद्यालयात दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवणे, २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखालील अंतर्गत समितीवर बाहेरील सदस्य म्हणून काम करणे आणि मध्यस्थी हे त्यांतील पर्याय होते. पूर्णवेळ नोकरीकडे वळणाऱ्यांसाठी करारांचे काम, कंपनीचे अनुपालन (कायदे-नियम पाळले जातात का, हे पाहणे) आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मुळे निर्माण होणारे काम यांवर त्यांचा विशेष भर होता.

बायोडाटावर त्यांनी घेतलेली मेहनत खरोखर वाखाणण्यासारखी आहे. माझ्या मसुद्यात ‘दिवाणी दावे, मनाई अर्ज व सर्च रिपोर्टचे काम पाहिले’ असे एक वाक्य होते. ते खोडून त्यांनी मला सर्च रिपोर्टचे, म्हणजे जमिनीच्या मालकीचे जुने कागद तपासण्याचे, एकच काम निवडायला आणि त्यात प्रत्यक्षात काय केले ते सांगायला लावले. एका जमिनीच्या व्यवहारात तीस वर्षांचे फेरफार आणि सातबारा उतारे वाचताना एका मयत खातेदाराच्या मुलीचे नाव वारस नोंदीत आलेच नसल्याचे माझ्या लक्षात आले होते आणि तिची संमती घेतल्यावरच खरेदीखत झाले. बायोडाटात आता हीच हकिकत तीन ओळींत आहे. मुलाखतीत कंपनीच्या लोकांनी सर्वाधिक प्रश्न विचारले ते त्याच ओळींवर. न्यायालयातल्या कामाचे मोल तारखांच्या संख्येत मोजायची आपल्याला सवय असते, पण कागदातला धोका वेळीच ओळखणारा माणूस कंपनीला हवा असतो, हे त्या बैठकीत मला पटले.

मुलाखतीचा सरावही असाच नेमका होता. पुरवठा करारातील नुकसानभरपाईचे कलम समोर ठेवून, ‘मी विक्री विभागाचा प्रमुख आहे, मला आज सही हवी आहे, पाच मिनिटांत सांगा’ अशी भूमिका समोरच्या व्यक्तीने घेतली. आधार, निवाडे, पोटकलमे असे युक्तिवादाच्या क्रमाने बोलू लागताच त्यांनी थांबवले आणि सही करता येईल का, कोणता शब्द बदलल्यावर करता येईल आणि न बदलल्यास जास्तीत जास्त किती रकमेचा फटका बसेल, याच क्रमाने उत्तर मागितले. हा सराव पुन्हा पुन्हा करून घेतला गेला, आणि नोकरीत रुजू झाल्यावर रोज उपयोगी पडते ते हेच.

उणिवाही स्पष्टपणे नोंदवायला हव्यात. संपूर्ण शुल्क आगाऊ घेतले जाते. ज्या ज्युनिअरला सिनियरकडून मिळणारे मानधन प्रवासखर्चालाही पुरत नाही, त्याला हे परवडणारे नाही. टप्प्याटप्प्याने शुल्क घेणे सहज शक्य आहे आणि ते व्हायला हवे. सेवेच्या ओळखी पुणे आणि मुंबईतील कंपन्यांपुरत्या आहेत, त्यामुळे सोलापूर किंवा लातूरमध्येच राहून काम शोधणाऱ्या वकिलाच्या हाती फारसे काही लागणार नाही. मुलाखतीचा सराव केवळ इंग्रजीतून होतो, याचे मला अधिक वाईट वाटते. तालुका न्यायालयांत मराठीतून उत्तम काम करणाऱ्या वकिलाला विषय येत असतो, अडते ते भाषेपाशी, आणि त्याच्यासाठी पहिल्या दोन-तीन फेऱ्या मराठीत घेऊन मग इंग्रजीकडे नेण्याची सोय करायला या सेवेला काहीच अवघड नाही. ही सूचना मी त्यांना लेखी दिली आहे.

नोकरीची हमी ही सेवा देत नाही आणि तसे पहिल्याच दिवशी सांगते. ज्यांनी किमान दोन-तीन वर्षे स्वतः मसुदे केले आहेत, त्यांनी येथे अवश्य जावे आणि जाताना आपण केलेल्या चार-पाच कामांचे मसुदे, अशिलांची नावे झाकून, सोबत न्यावेत. सगळी चर्चा त्याच कागदांवर होते.