सम्राट अशोक आन नऊ गुप्त माणसं, मराठी ऑडिओ सिरीज : पूर्ण ऐकून झाली, माझं मत

पैसे वसूल आहेत हे आधीच सांगतो. आवाज देणारा माणूस लय जबरदस्त आहे, कलिंगाच्या लढाईचा एपिसोड तं रातच्या ओलिताले मोटरपाशी बसून ऐकला आन मधात लाईन गेली तरी जागचा हललो नाई. लढाई संपल्यावर अशोक दया नदीच्या काठानं एकटा चालते, म्युझिक नाई काही नाई, फक्त पाण्याचा आवाज आन दुरून कोणीतरी आपल्या पोराचं नाव घेऊन हाका मारते. काळजात चर्र होते.

गोष्ट अशी, का कलिंगानंतर अशोक नऊ विद्वान निवडते, एकेकाच्या हाती एकेक ग्रंथ देते आन हे ज्ञान वाईट माणसाले सापडू नये म्हणून त्यांचं गुप्त मंडळ पिढ्यानपिढ्या चालत राहते. व्हॉट्सॲपवर हे खरा इतिहास म्हणून फिरते, म्हणून सांगतो, हे ना शिलालेखात आहे ना जुन्या बौद्ध ग्रंथात, १९२०च्या दशकातल्या एका इंग्रजी कादंबरीतून ते पसरलं. सिरीजवाल्यांनी सुरुवातीलेच काल्पनिक आहे म्हणून सांगितलं, चांगलं केलं.

पण यातला अशोक सगळंच लपवते, तळघरं काय, खुणेच्या अंगठ्या काय, आन इथंच मले खटकलं. खरा अशोक जे बोलायचं ते दगडावर कोरून लोकांपुढं ठेवणारा राजा होता, तेही लोकांच्या प्राकृतात, कंदहारकडं तं ग्रीक आन ॲरेमिकमध्ये. कलिंगातल्या धौलीच्या लेखात तं सांगून ठेवलं का तिष्य (म्हणजे पुष्य) नक्षत्राच्या दिवशी हे वाचून दाखवा, ऐकायले एकटा माणूस असला तरी वाचा! असा राजा गुप्त मंडळ काढते तं काहून काढते, याचं पटेल असं कारण पाहिजे होतं, सिरीजमध्ये ते एका वाक्यात उरकलं.

आन खरं गूढ तं समोरच पडलेलं होतं. १३व्या शिलालेखात तो स्वतः सांगते का कलिंगात १ लाख माणसं मारल्या गेली, दीड लाख धरून नेली, आन त्याचा मले पस्तावा होते. पण खुद्द कलिंगात, धौली आन जौगडले, हा लेखच नाई! तिथं त्याच्याजागी वेगळेच लेख कोरले. ज्यांची माणसं मेली त्यांच्यापुढंच तो हे काहून नाई बोलला? यावर दहा एपिसोड निघाले असते राजेहो.

दुसरं म्हणजे मंडळातला एक जण दक्षिणेकडं पळते तेव्हा आपला विदर्भ फक्त घनदाट जंगल म्हणून येते. नागभीड तालुक्यातल्या देवटेकले प्राण्यायले पकडू नका, मारू नका असा हुकूम कोरलेली शिळा सापडली, तो लेख अशोकाच्या काळचा मानतात, पुढं त्याच शिळेवर विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक राजांनीही लेख कोरला. पवनीले मोठे स्तूप निघाले. एवढं सगळं असून आमच्या वाट्याले निस्तं जंगल, वाईट वाटते.

पाचपैकी साडेतीन स्टार. शेवटचे भाग घाईघाईत गुंडाळले आहेत. गावात नेटवर्क नसते तं तालुक्याच्या ठिकाणी गेल्यावर डाउनलोड करून घ्या, आन लहान लेकरं सोबत असतील तं कलिंगाचा एपिसोड आधी आपण ऐका, मग ठरवा.